बिननावाचा आहेर

दिनांक नऊ जानेवारी. रक्कम रुपये तीन हजार दोनशे. हजर : हणमंततात्या, त्यांच्या पत्नी सुमनकाकू, माझी पत्नी वैशाली आणि मी. स्थळ : मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे निघालेल्या जहाजावरचं नाश्त्याचं टेबल.

तात्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या कॉलनीत ही जहाजाची गोष्ट अजून सांगितली जाते. कोणी म्हणतं, तात्यांमुळे एका माणसाची नोकरी गेली. कोणी म्हणतं, तात्यांनी त्याला दहा हजार रुपये काढून दिले. दोन्ही चूक आहे. मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

तात्या कुपवाडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर होते आणि त्यातली बरीच वर्षं युनियनचे सेक्रेटरी. सांगलीत त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय अकौंटंट, आज कुणाचं बुडवलं?" ही त्यांची सकाळची हाक. पांढरा शर्ट, आत बंडी, बंडीला आतून शिवलेला खिसा. त्या खिशातला पैसा बाहेर यायला कारण लागायचं, आणि कारण पटलं की मोजायला वेळ लागायचा नाही.

त्यांना अभिमान होता तो कानांचा. लेथवर आयुष्य काढलेली माणसं म्हातारपणी ठार बहिरी होतात. त्यांच्या वयाच्या मित्रांशी बोलायचं तर गल्लीला ऐकू जायचं. तात्या मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापूस घालून कामाला उभे राहिले. "बायकी हाय," म्हणून लोक हसले. "हसा. म्हातारपणी मला तुमचं हसू ऐकू येईल, तुमाला माजं येणार न्हाई," असं ते म्हणाले होते म्हणे. एकदा फाटकातून आत येता येता ते थबकले आणि म्हणाले, "अकौंटंट, तुमची मोटर बसणार. बेरिंग रडतंय." मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. त्याच आठवड्यात मोटर बसली. कोणी त्यांच्याशी जरा मोठ्याने बोललं तर ते अपमान झाल्यासारखे बघत. "हळू बोल. मी म्हातारा हाय, भैरा न्हाई."

दुसरी गोष्ट, तात्या टीप देत नसत. कधीच नाही, कुठेही नाही. साताऱ्याच्या अलीकडे हायवेवरच्या हॉटेलात आम्ही चौघे जेवलो होतो. वेटरने बडीशेपेबरोबर उरलेले पैसे आणून ठेवले. तात्यांनी नाणं न् नाणं उचललं, वेटरला त्याचं नाव विचारलं, त्याच्या हातात हात दिला, आणि गल्ल्यावर जाऊन मालकाला विचारलं, "ह्या गणेशला पगार किती देता?"

मालक म्हणाला, "काका, तुमाला काय करायचंय?"

"मला न्हाई, त्येला करायचंय. तुमी पगार द्या, आमी बिल देतो. मधी ही भीक कशाला?"

वैशाली गाडीत जाऊन बसली होती. गणेशचा चेहरा बघवत नव्हता. पण तात्यांना तो दिसला नाही, कारण ते मालकाकडे बघत होते. ते भांडायला लागले की नेहमी मालकाकडेच बघत.

तिसरी गोष्ट अर्जाची. कारखान्यात ग्राइंडिंगवाल्यांचा ओव्हरटाइम बुडत होता. "सर्व कामगारांच्या वतीने" असा अर्ज दोनदा गेला, दोनदा केराच्या टोपलीत पडला. तिसऱ्या वेळी तात्यांनी महादेव नावाच्या ग्राइंडरचं नाव, त्याचे दिवस, त्याची रक्कम लिहून अर्ज दिला आणि पोच घेतली. मालकाला महादेवला बोलवावं लागलं, आणि एकट्या महादेवला दिलं तर बाकीच्यांना द्यावंच लागलं. तेव्हापासून त्यांचं वाक्य ठरलं : "बिननावाचा अर्ज म्हंजे वारा. आला काय, गेला काय." नळाच्या पाण्याची तक्रार असो की दिव्याच्या खांबाची, तात्यांच्या अर्जात माणसाचं नाव असायचं आणि खाली पोच असायची. या गोष्टीबद्दल मला आदर होता. म्हणून पुढचं लिहिताना अडखळायला होतं.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलीने त्यांना जहाजाचं तिकीट काढून दिलं. "म्हातारा एकटा कुणाशी तरी भांडंल, तुमी बरूबर या," असं काकू म्हणाल्या, म्हणून आम्ही दोघेही आमच्या खर्चाने गेलो. चार रात्री. केबिन शेजारी-शेजारी.

आमच्या केबिन बघणारा माणूस होता संतोष. चाळिशीचा, किडकिडीत, कपाळावर घाम नसतानाही घाम पुसण्याची सवय. पहिल्या संध्याकाळी त्याने पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला. काकूंनी तो मोडू दिला नाही; रात्री खुर्चीवर ठेवला. संतोष आमच्याशी "सर, मॅडम" करून पुस्तकी मराठी बोलत होता. पण काकूंनी "चहा मिळंल का रं?" विचारल्यावर त्याच्या तोंडून "व्हय की" निघून गेलं, आणि तात्यांनी मान वर केली.

"कुठला तू?"

"लोणंदजवळचा, सर."

"सर गेला खड्ड्यात. माजी आत्या लोणंदला दिली हुती."

पाच मिनिटांत काकूंनी त्याच्या आईचं नाव, तिच्या गुडघ्याचं दुखणं आणि तिचा फोन नंबर घेतला. संतोष आधी शिरवळला एका कारखान्यात कंत्राटावर होता. सहा वर्षं झाली तरी कायम केलं नाही, मग हॉटेलचा कोर्स करून जहाजावर आला. इथेही कंत्राटच. गावाकडे घराचा स्लॅब टाकून झाला होता, वरचं बाकी होतं. ह्या फेरीनंतर पुढचं कंत्राट मिळालं की घर पुरं होणार होतं.

आता नाश्त्याचं टेबल. शेजारच्या टेबलावरचे लोक उठताना बशीखाली नोटा ठेवून जात होते. वैशाली म्हणाली, "आपणही काही तरी द्यायला हवं. बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "आपण दिलेलं आहे. भाड्यातच आहे." आणि तिकिटाचा कागद काढून दाखवला. भाडं, बंदराचा आकार, कर, आणि त्याखाली एक ओळ : क्रू ग्रॅच्युइटी, माणशी सोळाशे. जोडप्याचे तीन हजार दोनशे.

"ग्रॅच्युइटी?" तात्या म्हणाले. "ती नोकरी सुटल्यावर मिळती. हितं चढायच्या आदीच?"

"टीपच आहे ती, तात्या. आधीच वसूल केलेली."

तात्यांनी चमचा खाली ठेवला. आयुष्यात ज्या माणसाने एक रुपया टीप दिली नाही, त्याच्याकडून न विचारता तीन हजार दोनशे गेले होते. मला वाटलं ते पैसे परत मागतील. पण ते म्हणाले, "दिले तर दिले. कुणाला दिले?"

"कर्मचाऱ्यांना."

"कर्मचाऱ्याला नाव असतं, अकौंटंट."

दुपारी संतोष केबिन आवरायला आला तेव्हा मी तात्यांकडेच बसलो होतो. त्यांनी सरळ विचारलं, "आमी तीन हजार दोनशे भरल्यात. तुज्यापतुर किती आलं?"

संतोषने आधी मागे जाऊन दार लोटलं. मग उशीचा अभ्रा घालता घालता खालच्या आवाजात म्हणाला, "वेगळं असं काय कळत न्हाई, तात्या. महिन्याचं सगळं एकदम येतं. त्यात तुमचं किती, कुणाला म्हाईत."

"इचारलं न्हाईस?"

"कुणाला इचारू?" एवढं बोलून तो हसला आणि चादरीच्या घड्या घालू लागला.

त्याने दार लोटलं ते मी पाहिलं. तात्यांनीही पाहिलं असणार. पण तोवर ते मनात अर्ज लिहायला लागले होते.

अर्ज त्यांनी संध्याकाळी लिहिला. सुवाच्य, समास सोडून. मा. व्यवस्थापक यांस. विषय : भाड्यात वसूल केलेल्या बक्षिसाचा तपशील मिळणेबाबत. रक्कम काय, वाटणीची पद्धत काय, प्रत्येकास किती. आणि शेवटी, सवयीप्रमाणे : "आमच्या केबिनचे कर्मचारी श्री. संतोष यांना विचारले असता, आपल्या वाट्यास किती येते हे त्यांना माहीत नसल्याचे त्यांनी सांगितले." खाली सही. खालच्या मजल्यावर प्रवाशांच्या तक्रारी घेणारं टेबल होतं, तिथल्या मॅडम मराठी होत्या. तात्यांनी पोच मागितली. मॅडमना पोच म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मी तेव्हा बाजूला उभा होतो आणि मला मौज वाटत होती. हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. दारात दुसराच माणूस. संतोष कुठे, असं काकूंनी विचारलं तर तो "ऑफिस" एवढंच म्हणाला. त्याने टॉवेल आणून ठेवले, चौकोनी घडी घालून. काकू त्या टॉवेलांकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळाने तात्यांना बोलावणं आलं. आम्ही सगळेच गेलो. मॅडमच्या खोलीबाहेर एका खुर्चीवर संतोष बसला होता. तात्यांना बघून तो उठला.

मॅडम चांगल्या घरातल्या वाटत होत्या, आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्यामुळेच जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "काका, तुमचा प्रश्न मी मुंबईच्या ऑफिसला पाठवलाय. पण तुम्ही यात संतोषचं नाव लिहिलंय. पाहुण्यांशी पगाराबद्दल बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. टीप कमी मिळते असं सुचवणं म्हणजे ती मागण्यासारखंच धरतात. यावरून त्याचं पुढचं कंत्राट थांबू शकतं. मला आज दुपारी वर कळवायचंय. तो असं बोलला का, एवढंच मला तुमच्याकडून लिहून हवंय."

"त्यानं मागितलं न्हाई कायबी."

"मागितलं नाही, ठीक. पण बोलला का?"

तात्या उठले. "दुपारी येतो," म्हणून बाहेर पडले.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ते उसळले. "असले नेम मी लय बघितल्यात. पगारावर बोलायचं न्हाई म्हंजे? काढून तर बघू दे त्येला. मी केस लढतो. मुंबईला उतरलं की वकील—"

"कुणाची केस?" काकू म्हणाल्या.

"संतोषची."

"त्यानं सांगितलं तुमाला लढा म्हणून?" काकू भिंतीला धरून उभ्या होत्या, जहाज हलत होतं. "आवं, त्या महादेवला तुमी आदी इचारलं हुतं. त्येच्या घरी जाऊन, त्येच्या बायकूला इचारून मग नाव लिवलंत. मी हुते की बरूबर. ह्येला इचारलं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"दार लोटून बोलला तो," मी म्हणालो. एवढंच माझं योगदान.

मग ते वरच्या डेकवर जाऊन बसले. लोक पोहत होते, गाणी चालली होती. तात्या टोपी मांडीवर ठेवून समुद्राकडे बघत होते. मी शेजारी बसलो, पण त्यांनी मला बोलायला जागा दिली नाही. एकदाच म्हणाले, "खोटं लिवलं तर आजवरचे माजे सगळे अर्ज खोटे हुतील, अकौंटंट." मी म्हणालो, "खरं लिहिलं तर त्याचं घर अर्धंच राहील." ते म्हणाले, "ते मला कळतंय. पाढे नको वाचू." आयुष्यात त्यांनी दिलेला अर्ज कधी मागे घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं. कोल्हापूर की मुंबईच्या कुठल्या कोर्टापर्यंत ते एकदा जाऊन आले होते, पण अर्ज मागे घेतला नव्हता.

दुपारी जेवण न करताच ते उठले. मी मागोमाग गेलो. संतोष आता आत, भिंतीला टेकून उभा होता.

मॅडम म्हणाल्या, "बसा काका. मग, काय ठरवलंत?"

तात्यांनी कानामागे हात धरला. "आं?"

मॅडमनी पुन्हा विचारलं.

"जरा मोठ्यानं बोला, बाई. ऐकू येत न्हाई मला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनी आवाज चढवला. "संतोष तुमच्याशी पगाराबद्दल बोलला का?"

"आं?"

तिसऱ्यांदा त्या जवळजवळ ओरडल्या. दाराबाहेरून जाणारी दोन माणसं थांबून आत बघू लागली. तात्या मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं, म्हणाले, "बत्तीस वर्षं लेथवर काढली. कान गेल्यात. कोन काय बोलतंय कळत न्हाई. तो आपला काम करत हुता. मीच माज्या मनानं लिवलं. द्या कागद."

त्यांनी लिहिलं : मला ऐकू येत नाही. श्री. संतोष मला काहीही बोललेले नाहीत. मजकूर मी माझ्या मनाने लिहिला. अर्ज मागे घेत आहे. अक्षर नेहमीसारखंच होतं, फक्त समास सोडलेला नव्हता. सही करून त्यांनी कागद पुढे सरकवला. पोच मागितली नाही.

मॅडमनी कागद वाचला, मग त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. खूप हळू आवाजात त्या म्हणाल्या, "काका, पेन राहिलं तुमचं." हे कशासाठी म्हणाल्या, ते कुणालाही समजलं असतं. तात्यांचा हात पेनाकडे गेला नाही. ते दाराकडे वळून चालू लागले. पेन मी उचललं.

संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा ससा होता.

शेवटच्या सकाळी मुंबईला उतरताना संतोषने आमच्या बॅगा लिफ्टपर्यंत आणल्या. तात्यांचा हात बंडीच्या खिशात गेला. पाचशेची नोट मी बघितली. घडी करून मुठीत धरलेली. पन्नास पावलांवर मॅडम प्रवाशांना निरोप देत उभ्या होत्या. तात्यांनी तिकडे बघितलं, मुठीकडे बघितलं आणि नोट परत खिशात गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता दिलं तर त्येनं मागितलं हुतं असं हुईल."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टीप द्यायची होती, आणि ती देता येत नव्हती. मीही दिली नाही. माझं कारण तेच होतं. संतोष "येतो तात्या" म्हणाला. मॅडम बघत होत्या. तात्यांना ऐकू आलं नाही.

सांगलीत आल्यावर त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कॉलनीत कोणी जहाजाचं विचारलं की कानामागे हात धरून "आं?" म्हणत. लोकांना वाटलं, समुद्राच्या वाऱ्याने म्हाताऱ्याचे कान गेले. माझी मोटर त्या उन्हाळ्यात पुन्हा आवाज करू लागली असावी; पण फाटकात थांबून कोणी सांगितलं नाही. ती बसली तेव्हाच मला कळलं.

मे महिन्यात काकूंच्या फोनवर लोणंदहून फोन आला. संतोषची आई. पुढचं कंत्राट मिळालं होतं, तो सुट्टीवर आला होता, घर पुरं झालं होतं, वास्तुशांत होती. तात्या म्हणाले, "मी येत न्हाई." काकूंनी पिशवी भरली. आम्ही चौघे सकाळच्या गाडीने लोणंदला उतरलो.

घर लहान होतं, दोन खोल्या आणि वर पत्र्याची शेड; पण रंग ताजा होता. मांडवात एका बाजूला आहेराचं टेबल होतं. संतोषचे मामा माइकवर आहेर पुकारत होते : अमुकतमुक पाहुणे, गाव अमुक, पाचशे एक. वहीवर लिहिणाऱ्याला जेवायला जायचं होतं. त्याने माझ्या खिशातलं पेन बघितलं आणि मला बसवलं. मला बरंच वाटलं. तेवढंच मला येतं.

तात्या रांगेत उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी टेबलावर टॉवेल, टोपी आणि एक पाकीट ठेवलं. मी पाकीट उघडून मोजलं. तीन हजार दोनशे एक.

मी नाव लिहायला पेन टेकवलं.

"नाव न्हाई लिव्हायचं," तात्या म्हणाले.

"तात्या, बिननावाचा—"

"म्हाईत हाय मला. लिव्ह बिननावाचं."

मी नावाची जागा कोरी सोडली आणि रक्कम लिहिली. मामांनी वहीत डोकावलं, जरा गोंधळले, मग माइकवर म्हणाले, "नाव न सांगणारे पाहुणे, तीन हजार दोनशे एक!"

मांडवातले लोक माना वळवून बघू लागले. पंगतीत वाढत असलेला संतोष भाताची बादली हातात घेऊन थांबला आणि सरळ तात्यांकडे बघू लागला. तात्यांनी ते पाहिलं. त्यांनी टोपी नीट केली, कानामागे हात धरला आणि काकूंना मोठ्याने विचारलं, "आं? काय म्हणतोय त्यो?"

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "बसा जेवायला."

तात्यांचं मला आठवतं ते शेवटचं रूप हेच : कानामागे हात आणि तोंडावर काहीच ऐकू न आल्याचा भाव. पावसाळ्यात ते गेले.

हिशेब असा. भाड्यात भरले ते रुपये तीन हजार दोनशे. ते कुणाला किती पोचले हे मला आजही सांगता येणार नाही, मुंबईच्या ऑफिसकडून उत्तर आलेलं नाही. लोणंदला दिले ते रुपये तीन हजार दोनशे एक. ते संतोषला पोचले. देणाऱ्याचं नाव वहीत नाही. पोच घेतली नाही.